लॉसलेस साठवलेली प्रतिमा एकाने का चुकते? पूर्णांकी वेव्हलेटचं समस्या निवारण

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: ‘जेपेग २००० मधलं ५/३ वेव्हलेट लिहिलं, पद्धत लॉसलेस आहे, पण प्रतिमा दाबून परत उघडली की थोडे पिक्सेल एकाने इकडेतिकडे होतात. पूर्णांकांचं राउंडिंग आहे, एवढं चालायचंच ना?’

नाही चालायचं. जेपेग २००० हे प्रतिमा दाबून साठवण्याचं मानक, वेव्हलेट म्हणजे पिक्सेलचे सरासऱ्या आणि तपशील असे दोन गट करणारं त्यातलं रूपांतर, आणि लॉसलेस म्हणजे प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत येणं. दुकानाच्या रोजमेळात एक रुपया कमी आला तर मुनीम पदरचा रुपया घालून वही मिटत नाही, कारण त्या रुपयामागे हजाराची नोंद उलटी पडलेली असू शकते. टेस्टमध्ये ‘फरक एकपर्यंत चालेल’ अशी सूट ज्यांनी दिली, त्यांच्याकडे पुढे सोळा बिटांची प्रतिमा आली की हजारोंचे फरक निघालेले मी पाहिले आहेत.

मुळात इथे राउंडिंगमुळे चूक व्हायला जागाच नाही. विम स्वेल्डन्स यांनी १९९० च्या दशकात मांडलेली लिफ्टिंगची रीत आठवा. सम जागांवरचे पिक्सेल आहेत तसे ठेवायचे, त्यांच्यावरून विषम पिक्सेलचा अंदाज बांधायचा आणि तो वजा करायचा. उलट येताना तोच अंदाज पुन्हा काढायचा आणि मिळवायचा. अंदाज कितीही ओबडधोबड असो, कसाही राउंड केलेला असो, दोन्ही बाजूंना तोच आकडा निघाला की मूळ पिक्सेल नेमका परत येतो. त्यामुळे ‘राउंडिंगचा फरक’ हे निदान होत नाही. एन्कोडर (दाबणारा) आणि डिकोडर (उलगडणारा) नेमक्या कोणत्या पायरीवर वेगवेगळा आकडा काढताहेत, एवढंच शोधायचं असतं.

लक्षणं

आधी फरकाचा नकाशा काढा. मूळ प्रतिमेतून परत आलेली प्रतिमा वजा करा, फरक पन्नासपट मोठा करा आणि शून्याला १२८ चा करडा रंग द्या. कोडमध्ये शोधाशोध करण्याआधी हा नकाशा पाहिला तर अर्धा रस्ता संपतो.

- सगळीकडे एक-दोनचा मंद फरक, सपाट भागातही: लॉसलेस मार्ग बहुधा वापरलाच गेलेला नाही.
- तुरळक ठिकाणी नेमका एकाचा फरक: ऋण संख्यांचा भागाकार, किंवा आडव्या-उभ्या पायऱ्यांचा क्रम.
- फरक फक्त काळोख्या भागात: अंदाजाच्या पायरीतला ऋण भागाकार. का, ते खाली येतं.
- फरक फक्त उजव्या आणि खालच्या कडेला, किंवा चारही कडांना: सीमेवरचं प्रतिबिंब.
- एकाच पिक्सेलवर लाल, हिरवा, निळा तिन्ही सारख्याच आकड्याने चुकलेले: रंगरूपांतर.
- पांढऱ्याजवळ काळे ठिपके, काळ्याजवळ पांढरे, फरक २५५ च्या आसपास: साठवणीची जागा अपुरी.
- चौकटींची जाळी: टाइलच्या, म्हणजे वेगवेगळ्या दाबल्या जाणाऱ्या चौकोनी तुकड्यांच्या सीमा.
- फरक कुठेच नाही, पण दुसऱ्या कुणाच्या डिकोडरमध्ये प्रतिमा चुकते: सगळ्यांत फसवं लक्षण. टेस्ट हिरव्या दिसत असल्यामुळे ते महिनोन्‌महिने लपून राहतं.

१. तुलना तरी बरोबर होते आहे का?

ही तपासणी फुकटची आहे, म्हणून पहिली. नमपायमध्ये (पायथनची गणिताची लायब्ररी) आठ बिटांच्या चिन्हविरहित, म्हणजे ऋण संख्या न धरणाऱ्या रांगा एकमेकींतून वजा केल्या तर ३ − ४ चं उत्तर २५५ येतं, आणि प्रतिमा फाटल्यासारखी वाटते. आधी दोन्ही बाजू चिन्हयुक्त प्रकारात न्या.

ओपनसीव्ही (प्रतिमांवर काम करणारी लायब्ररी) साध्या हाकेवर सोळा बिटांची फाइल आठ बिटांत आणून देतं. जशी आहे तशी हवी असेल तर तसं सांगावं लागतं. मूळ फाइल साधी जेपेग असेल आणि ती दोन वेगळ्या लायब्ररींनी उघडली असेल, तर वेव्हलेटचा संबंध येण्याआधीच एकाचा फरक पडू शकतो. ब्राउझरच्या कॅनव्हासमधून पिक्सेल घेत असाल तर पारदर्शकतेचा गुणाकार-भागाकार मधल्या मध्ये आकडे बदलतो. पिक्सेल एकदाच वाचा, ती रांग मेमरीत धरून ठेवा आणि तिच्याशीच तुलना करा. दाबलेल्या फाइलींचे हॅश जुळवत बसू नका. लॉसलेसचा करार पिक्सेलपुरता असतो, फाइलीच्या बाइटांपुरता नसतो.

२. सेटिंग

जेपेग २००० मध्ये दोन वेव्हलेट आहेत: पूर्णांकी ५/३ आणि अपूर्णांकी ९/७. दुसरं कधीच लॉसलेस नसतं. ओपनजेपेग या जेपेग २००० च्या लायब्ररीतल्या दाबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मोठ्या लिपीतला ‘आय’ पर्याय दिला की ९/७ लागू होतं. पिलो या पायथन लायब्ररीमध्ये ‘इररिव्हर्सिबल’ खरं केलं की तेच. कुणीतरी जुन्या स्क्रिप्टमधून ओळ उचललेली असते आणि पर्याय तसाच राहून जातो.

दुसरा सापळा जास्त नाजूक आहे. वेव्हलेट ५/३ च असतं, पण सोबत दाबण्याचं प्रमाण दिलेलं असतं. मग रूपांतर अचूक होतं आणि त्यानंतर बिटांचा प्रवाह मध्येच कापला जातो. प्रमाण काढून टाका, किंवा शेवटच्या थराचं प्रमाण १ ठेवा.

पायवेव्हलेट्स (पायथनची वेव्हलेट लायब्ररी) वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. त्यातलं ‘बायॉर २.२’ म्हणजे ५/३ चंच कुटुंब हे खरं, पण ती लायब्ररी अपूर्णांकांत मोजते. तिचे सहगुणक (रूपांतरातून निघणारे आकडे) नंतर पूर्णांकांत बसवले म्हणून ते पूर्णांकी वेव्हलेट होत नाही. प्रत्येक लिफ्टिंग पायरीच्या आतच राउंडिंग व्हावं लागतं. शिवाय तिथे न सांगता लागू होणारा ‘सिमेट्रिक’ प्रकार कडेचा पिक्सेल दोनदा मोजतो. जेपेग २००० ला लागणारं प्रतिबिंब तिथे ‘रिफ्लेक्ट’ नावाने आहे.

३. साखळी मधोमध तोडा

दहा-पंधरा ओळींचं काम आहे आणि ते टाळून पुढे जाऊ नये. एन्ट्रॉपी कोडर (सहगुणकांचे बिट दाबणारा भाग) बाजूला ठेवा, पुढच्या रूपांतराचे सहगुणक थेट उलट्या रूपांतराला द्या. फरक नाहीसा झाला तर वेव्हलेट निर्दोष आहे आणि दोष कोडरमध्ये आहे. राहिला तर आणखी कापा: एकच ओळ, मग एकच स्तंभ, मग एक पातळीची पूर्ण प्रतिमा, मग पाच पातळ्या (सरासऱ्यांवर तेच रूपांतर पुन्हा पुन्हा), शेवटी रंग. ज्या टप्प्यावर फरक पहिल्यांदा दिसतो तिथेच थांबा. पाच पातळ्यांच्या प्रतिमेवर दोष शोधू नये, कारण सर्वांत खोल पातळीवर एकाने चुकलेला एक सहगुणक परत येताना कितीतरी पिक्सेलच्या परिसरावर पसरतो आणि मूळ जागा ओळखू येत नाही.

४. ऋण संख्यांचा भागाकार

माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत सर्वांत जास्त वेळा दोष इथेच निघाला आहे, म्हणून थोडं थांबून पाहू. ५/३ च्या दोन पायऱ्या अशा, पहिली अंदाजाची आणि दुसरी तपशिलांवरून सम पिक्सेल सुधारण्याची:

तपशील = विषम − तळ[(डावा सम + उजवा सम) ÷ २]

सरासरी = सम + तळ[(डावा तपशील + उजवा तपशील + २) ÷ ४]

इथे ‘तळ’ म्हणजे उत्तराच्या खालचा पूर्णांक: १.५ चा १ आणि −१.५ चा −२. पाच पिक्सेलची एक ओळ घ्या: ७, १, ४, ९, ५. तपशील निघतात −४ आणि ५. पहिल्या सरासरीसाठी कडेवर −४ दोनदा धरायचा, म्हणजे (−८ + २) ÷ ४ = −१.५, तळ −२, आणि सरासरी ७ − २ = ५. पुढच्या दोन सरासऱ्या ४ आणि ८.

आता डिकोडर सी मध्ये लिहिलेला आहे आणि त्यात भागाकाराचं साधं चिन्ह आहे असं समजा. सी, जावा, गो आणि रस्टमध्ये पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे छाटला जातो. −६ भागिले ४ म्हणजे −१. पायथनमधला दुहेरी तिरक्या रेघेचा भागाकार मात्र −२ देतो. डिकोडर ५ + १ = ६ काढतो, मूळ होता ७. बाकी चारही पिक्सेल बरोबर येतात. ‘राउंडिंग असेल’ म्हणून सोडून दिला जाणारा फरक हाच.

काळोख्या भागाचं कोडंही इथेच सुटतं. चिन्हविरहित आठ बिटांच्या प्रतिमेतून रूपांतराआधी १२८ वजा केले जातात, त्यामुळे १२८ पेक्षा गडद पिक्सेल ऋण होतात. अंदाजाच्या पायरीत एका बाजूने छाटणी केली तर ती फक्त ऋण बेरजांना बाधते, म्हणजे गडद भागालाच. उजळ आभाळ स्वच्छ आणि झाडाखालची सावली ठिपकेदार दिसली तर आधी अंदाजाची ओळ पाहा.

उपाय: भागाकाराऐवजी चिन्हयुक्त चलावर उजवीकडे शिफ्ट (बिट सरकवणं) वापरा. सी++ मध्ये २०२० च्या मानकापासून ऋण संख्येचा उजवा शिफ्ट तळाकडेच जातो असं ठरलेलं आहे. सी मध्ये ते कंपायलरवर सोडलेलं आहे, पण नेहमीचे कंपायलर तसंच वागतात. जावात तीन बाणांचा शिफ्ट चुकूनही नको, तो ऋण चिन्ह जपत नाही. आणि चल खरोखर चिन्हयुक्त आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. त्या बेरजेतला एक साधा २ कुणी चिन्हविरहित लिहिला असेल, तर बत्तीस बिटांत पूर्ण बेरीजच चिन्हविरहित होते आणि −६ ला दोन घरं सरकवल्यावर −२ ऐवजी १०७३७४१८२२ मिळतात.

फसव्या लक्षणाचा उलगडा हाच. एन्कोडर आणि डिकोडर दोन्ही तुम्हीच लिहिलेत आणि दोन्हीकडे छाटणी आहे, तर तुमची फेरी नेमकी जुळणार; लिफ्टिंगचा गुणच तो. फाइल मात्र मानकाप्रमाणे नसणार. आपल्याच दोन टोकांची फेरी जुळणं हा पुरावा धरू नका. ओपनजेपेगला २०१५ मध्ये संदर्भ सॉफ्टवेअरचा दर्जा मिळाला आहे आणि ते मोफत आहे. तुमची फाइल त्याने उघडा आणि त्याची फाइल तुमच्याकडे.

५. कडा आणि विषम लांबी

कडेबाहेर पिक्सेल नसतो, म्हणून आरसा धरायचा, पण आरसा शेवटच्या पिक्सेलच्या मध्यावर. शेवटचा पिक्सेल स्वतः पुन्हा मोजायचा नाही, त्याच्या आतला मोजायचा. वरच्या उदाहरणात डिकोडरने कडेबाहेरचा तपशील शून्य धरला, तर पहिला पिक्सेल ७ चा ६ होतो, शेवटचा ५ चा ७ होतो आणि त्याच्या शेजारचा ९ चा १० होतो. चूक कडेवरून आत सरकते ती अशी, आणि प्रत्येक पातळीवर दुप्पट अंतर सरकते.

विषम लांबीत सरासऱ्या एकाने जास्त असतात: पाच पिक्सेलच्या तीन सरासऱ्या आणि दोन तपशील. अर्धे-अर्धे मानून चालणारा कोड ५१२ च्या चाचणी-प्रतिमेवर वर्षानुवर्षं पास होतो आणि ५११ वर कोसळतो. दोनाच्या घातांच्या चाचणी-प्रतिमांवर माझा राग आहे तो यामुळेच. लांबी १ ते १७ पर्यंत प्रत्येक आकार तपासा, रुंदी आणि उंची दोन्हींसाठी. एक पिक्सेलची ओळ विसरू नका: पाच पातळ्या उतरताना लहान प्रतिमा तिथपर्यंत पोहोचतेच.

६. उभं आधी की आडवं?

अपूर्णांकी गणितात आडवं आधी केलं काय, उभं आधी केलं काय, अर्थ एकच. पूर्णांकांत प्रत्येक पायरीत राउंडिंग असल्यामुळे क्रम बदलला की उत्तर बदलतं. मानकाप्रमाणे दाबताना आधी उभे स्तंभ आणि मग आडव्या ओळी. उलगडताना आधी ओळी आणि मग स्तंभ. एकेका ओळीची टेस्ट पास होते आणि पूर्ण प्रतिमा तुरळक एकाने चुकते, तेव्हा बहुतेक वेळा क्रम उलटायचा राहिलेला असतो. दुरुस्ती दोन ओळींची अदलाबदल.

७. रंग

उलटवता येणारं रंगरूपांतर साधं आहे: तेजाचा घटक म्हणजे लाल, दुप्पट हिरवा आणि निळा यांच्या बेरजेच्या चौथ्या भागाचा तळ, दुसरे दोन घटक म्हणजे निळा वजा हिरवा आणि लाल वजा हिरवा. उलट येताना आधी हिरवा काढतात आणि त्यावरून बाकीचे दोन. म्हणूनच हिरवा एकाने चुकला की तिन्ही एकाने चुकतात. उपाय चौथ्या तपासणीतलाच.

८. जागा पुरते का?

आठ बिटांच्या प्रतिमेचा तपशील −२५५ ते २५५ जाऊ शकतो, म्हणजे नऊ बिट हवेत. दोन्ही दिशांनी रूपांतर झाल्यावर आणखी एक, आणि रंगाचे फरक-घटक आधीच एक बिट वाढलेले असतात. सोळा बिटांची प्रतिमा सोळा बिटांच्याच चलात फिरवायची नाही, बत्तीस घ्या.

इथे एक गंमत आहे. बेरीज नुसती ओलांडून गोल फिरली, तर माहिती जात नाही. दोन्ही बाजूंनी तीच रुंदी वापरली असेल तर वजा केलेलं पुन्हा मिळवताना गोल फिरून मूळ आकडाच येतो. दाबणं मात्र बिघडतं, कारण छोटा तपशील अवाढव्य दिसू लागतो. आणि सी, सी++ मध्ये चिन्हयुक्त चलाने मर्यादा ओलांडली तर काय होईल याची हमी नसते, त्यामुळे त्यावर विसंबू नये. माहिती खरी मरते ती मर्यादेवर अडवल्याने. ० च्या खालचं सगळं ० आणि २५५ च्या वरचं सगळं २५५ करणारी रांग, उदाहरणार्थ कॅनव्हासची, मधल्या सहगुणकांसाठी वापरली तर परत काही मिळत नाही. अडवणं फक्त सर्वांत शेवटी. आणि लॉसलेस मार्गात तिथेही त्याला काही काम पडलं, तर समजा आधी कुठेतरी दोष आहे.

ग्राफिक कार्डावर काम करणाऱ्यांसाठी: सोळा बिटांचा अपूर्णांक पूर्णांक अचूक धरतो तो २०४८ पर्यंतच. बारा बिटांची प्रतिमा तिथे बसत नाही.

तिसऱ्या तपासणीत दोष कोडरमध्ये दिसला असेल तर राखीव बिटांची (गार्ड बिट) संख्या पाहा. ती कमी पडली की मोठ्या सहगुणकांचे वरचे बिट गळतात आणि तीव्र कडांवर भलेमोठे ठिपके उठतात.

९. टाइल

टाइल विषम निर्देशांकावर सुरू होत असेल, तर तिचा पहिला पिक्सेल विषम मानायचा, म्हणजे तो तपशिलात जातो. प्रत्येक टाइल शून्यापासून मोजणारा कोड सम आकाराच्या टाइलवर चालतो आणि प्रतिमेला विषम सरकाव दिला की मोडतो. विषम जागेवर एकटाच पिक्सेल उरला तर मानक तो दुप्पट करून ठेवायला सांगतं. हे बहुतेकांच्या वाचनातून निसटतं.

१०. वेगवान केलेला कोड

सर्वांत महाग तपासणी. इंटेलच्या सरासरी काढणाऱ्या समांतर (एकाच वेळी अनेक आकड्यांवर चालणाऱ्या) सूचना वरच्या बाजूला राउंड करतात आणि संख्या चिन्हविरहित मानतात. ५/३ ला हवा असतो तळ. एआरएमवर तळाकडे जाणारी आणि वर जाणारी अशा दोन्ही सूचना आहेत, नावात एका अक्षराचा फरक. साधा, हळू कोड कायम जपून ठेवा आणि प्रत्येक वेगवान फंक्शन त्याच्याशी यादृच्छिक आकड्यांवर ताडून पाहा, रुंदी आठच्या पटीत नसतानासुद्धा. उरलेली शेपूट वेगळ्या लूपमध्ये जाते आणि दोष तिथे राहतात.

कधी थांबायचं

मूळ प्रतिमा हाताशी नसेल तर लगेच थांबा. दोषी डिकोडरने उघडून पुन्हा साठवलेली प्रत मूळ म्हणून वापरायची नाही. दाबलेल्या फाइली जशा आहेत तशा जपून ठेवा. दोष फक्त डिकोडरचा असेल तर त्यांत सगळं शाबूत असतं. दोष एन्कोडरमध्ये आणि त्यातही अडवण्याचा असेल, तर गेलेलं कुणीच परत आणू शकत नाही.

प्रतिमा वैद्यकीय असेल तर स्वतः दुरुस्त करून चालू यंत्रणेत घालू नका. डायकॉम या वैद्यकीय प्रतिमांच्या मानकात १.२.८४०.१०००८.१.२.४.९० हा क्रमांक फक्त लॉसलेस जेपेग २००० साठी आहे आणि त्यावर विसंबून कुणीतरी निदान करत असतं. सीटी स्कॅनमध्ये पाण्याचा आकडा ० आणि हवेचा −१००० च्या आसपास. तिथे चिन्हयुक्त-चिन्हविरहितची गल्लत झाली तर फरक एकाचा राहत नाही. यंत्रणेचा पुरवठादार आणि रुग्णालयातले इमेजिंग तंत्रज्ञ यांनाच कळवा. न्यायालयात जाणाऱ्या पुराव्याच्या प्रतिमांनाही हाच नियम.

दोष चिपमध्ये किंवा एफपीजीएवरच्या (हवी तशी जुळवता येणारी चिप) एन्कोडरमध्ये असेल, किंवा तुम्हाला ग्राहकाला मानकाशी सुसंगत असल्याची लेखी खात्री द्यायची असेल, तर हे काम जाणकाराचं. सुसंगतीच्या चाचण्या जेपेग २००० च्या मानकाच्या, म्हणजे आयएसओ/आयईसी १५४४४ च्या चौथ्या भागात आहेत. त्या नीट चालवून पाहणं हे स्वतंत्र काम आहे, संध्याकाळच्या मोकळ्या वेळात उरकण्याजोगं नाही.

बोलावताना त्यांच्या हाती एवढं द्या: फरक दाखवणारी लहानात लहान प्रतिमा, शक्यतो सोळा पिक्सेलच्या आतली, तिचे पहिल्या पातळीचे सहगुणक दोन्ही बाजूंनी छापलेले, कंपायलर, त्याचे पर्याय आणि प्रोसेसर, आणि तीच प्रतिमा ओपनजेपेगने दाबलेली फाइल.